जिथे उठलात तिथे टिंब

१२ जानेवारी

मायना कोरा सोडला आहे, रागावू नका. आधी ‘विहीणबाई’ लिहिलं, मग खोडलं. खाडाखोडीचा कागद कुणाला पाठवायचा नाही ही शाळेतली शिस्त, म्हणून नवा कागद घेतला आणि त्यावर तुमचं नाव लिहून पाहिलं. इतक्या वर्षांत मी तुम्हाला नावानं कधी हाकच मारली नव्हती. ते नाव कुणा तिसऱ्याच बाईचं वाटलं. मुलांचा घटस्फोट झाला तेव्हा वकिलांनी सगळ्याची वाटणी केली, कपाट कुणाचं, गालिचा कुणाचा, पण आपण दोघींनी यापुढे एकमेकींना काय म्हणायचं हे कुठल्याच कागदावर आलं नाही. विहिणींचं काय, असं तिथे विचारायची सोयही नव्हती.

कशा आहात? गुडघा काय म्हणतो? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये रविवारी पत्रलेखनाचा तास असायचा. सिस्टर सांगायच्या, आधी समोरच्याची चौकशी, मग आपलं रडगाणं. पाकिटं बंद करण्याआधी त्या सगळी पत्रं वाचायच्या. म्हणून अजूनही पत्र लिहायला बसले की कुणीतरी खांद्यावरून वाकून बघतंय असं वाटतं. तर चौकशी झाली. आता रडगाणं.

नवी कादंबरी लिहायला घेतली आहे. एका दंतवैद्यावर आहे. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांत बघणारा आणि स्वतः फारसं तोंड न उघडणारा माणूस. सुरुवातीची प्रकरणं झाली आहेत, पण चांगली झाली आहेत की नाही ते कळत नाही. आमच्या ह्यांना वाचायला दिली. ते म्हणाले, “छान आहे.” त्यांना आजवर माझं सगळंच छान वाटत आलं आहे, जळलेला टोस्टसुद्धा.

प्रकाशकांकडे आता एक नवी संपादिका आली आहे. तिला परवा मी तुमच्याबद्दल सांगितलं. म्हटलं, माझ्या लेकीच्या सासूबाई इस्पितळात औषधं द्यायच्या खिडकीवर होत्या. गोळ्या मोजताना कुणी मध्येच हाक मारली तर त्या चिठ्ठीवर एक टिंब द्यायच्या आणि मग मान वर करायच्या. परत आल्या की टिंबापासून पुढे. निवृत्त झाल्या, पण सवय गेली नाही. माझी हस्तलिखितं वाचतानाही जिथे उठतील तिथे समासात टिंब. आणि मी त्या टिंबांवरून कादंबरी दुरुस्त करायची. कारण वाचणारी बाई दूध बघायला उठली तर ठीक आहे, पण सारखी त्याच प्रकरणात दूध बघायला उठायला लागली, तर दोष दुधाचा नसतो.

पोरगी इतकी हसली. म्हणाली, “मग आता त्या कुठे असतात?”

मी म्हटलं, “गावातच.” आणि विषय बदलला.

त्या दिवशी वकिलांच्या ऑफिसबाहेर तुम्ही समोरच्या बाकावर होतात. उठून आलात, माझ्या पायाशी पिशवी ठेवलीत, “तुमची पुस्तकं” म्हणालात आणि परत आपल्या बाकावर जाऊन बसलात. घरी येऊन पिशवी उघडली. एकेका पुस्तकाला तुम्ही खाकी कव्हर घातलं होतं. त्यात ते दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीच्या आठवणींचं पुस्तक तेवढं नव्हतं. राहून गेलं असेल. राहू द्या तुमच्याकडे. मी ते मागणार नाही, आणि हे पत्र त्यासाठी आहे असं मुळीच समजू नका.

कशासाठी आहे ते सांगून टाकते. दोन वर्षं झाली, मला तुमच्याशिवाय लिहिता येत नाही. म्हणजे लिहिता येतं, पण ते कुणासमोर ठेवायचं हे कळत नाही.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

तुमची
(खाली काय लिहायचं तेही ठरलेलं नाही)


९ फेब्रुवारी

पत्र पोचलं असेल. पोस्टावर माझा भरवसा आहे, आणि तुमच्या गप्प बसण्याच्या ताकदीवर त्याहून जास्त.

प्रकाशनाच्या बातम्या सांगते. मोठे मालक आता ऑफिसात येत नाहीत. आले तरी खिडकीशी बसून जुने कॅटलॉग चाळतात. सगळं छोट्या मालकांच्या हाती आहे. जिथे पुस्तकांचे गठ्ठे असायचे तिथे कुंड्या आल्या आहेत आणि कॉफीचं एक यंत्र आलं आहे. त्यातून कॉफी काढायची तर त्याच्या पुढ्यात उभं राहून विनवण्या कराव्या लागतात. छोटे मालक मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही फोनवर तुमचे छोटे छोटे व्हिडिओ करा ना. वाचकांना लेखकाचा चेहरा बघायचा असतो.”

मी म्हटलं, “माझा चेहरा बघून किती प्रती खपतील असं वाटतं तुम्हाला?”

ते मनापासून विचार करायला लागले. मला वाटलं होतं, गडी निदान शिष्टाचाराला म्हणून तरी काही बोलेल.

संपादिका गोड आहे. पण तिला सगळंच आवडतं. ती कॉम्प्युटरवर समासात शेरे लिहिते: ‘सुंदर’, ‘वा’, ‘इथे रडू आलं’. एका ठिकाणी तर नुसता बदामाचा आकार काढला होता. ते कुठे, तर दंतवैद्य नळ बदलून घेतो त्या परिच्छेदावर. विहीणबाई, त्या परिच्छेदावर तुम्ही नक्की उठला असतात. (पाहा, लिहून गेले. आता खोडत नाही.)

सध्या काय वाचतेय? पियानो जुळवून देणाऱ्या एका बाईचं आत्मचरित्र. घरोघर जायची. ती म्हणते, पियानो बिघडलाय की नाही हे तिला घरात शिरताच कळायचं, कारण बिघडलेल्या पियानोवर लोक फोटो ठेवतात. मला ते फार आवडलं. आणि तुम्ही करता तसं करून पाहिलं, शेवटचं प्रकरण आधी वाचलं. मी किती ओरडायचे तुम्हाला त्यावरून! “अहो, मी वर्षभर राबून शेवट लपवते आणि तुम्ही आधी तिथेच जाऊन बसता!” आणि तुमचं ठरलेलं उत्तर, “कोण जगलं, कोण मेलं ते एकदा कळलं की बाई निवांत वाचता येतं.” करून पाहिलं. खरंच निवांत वाटलं. इतकी वर्षं मी उगाच वाद घातला.

कादंबरीत एक घोटाळा झाला आहे. दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत मी सहज म्हणून दोन बायका बसवल्या होत्या. नुसत्या खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून. दर आठवड्याला दोघींची वेळ एकच. आता त्या बोलायला लागल्या आहेत आणि दंतवैद्य आत एकटाच हातमोजे घालून बसलाय. हे म्हणाले, “त्या दोघींना लवकर दात दाखवून घरी पाठव, नाहीतर तुझा डॉक्टर उपाशी मरेल.”

मी पाठवणार नाही आहे.


२२ मार्च

आज लेक आली होती. तुम्हाला माहीत आहेच की ती नकाशे काढते, आता एका मोठ्या कचेरीत आहे, तिथे तिला स्वतःचं टेबल खिडकीशी मिळालं आहे. तिच्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. तिच्याबद्दल तुम्हाला लिहायचं नाही असं मी स्वतःशी ठरवलं आहे. तुमच्या घरातून निघाल्यावर ती एकदाच म्हणाली होती, “आई, तिकडचं आता काही नको,” आणि ‘तिकडचं’ यात कोण कोण येतं ते मी विचारलं नव्हतं.

तर ती ओट्याशी उभी राहून सफरचंद कापत होती. म्हणाली, “त्याचं लग्न ठरलंय. कळलं का तुला?”

मी म्हटलं, “कुणाचं?”

“आई, उगाच वेड पांघरू नकोस. त्याचं. एप्रिलमध्ये. अगदी साधं, सह्या करून. मला त्यानेच फोन करून सांगितलं. चांगलं वाटलं.” आणि सफरचंदाची फोड माझ्यापुढे धरून, “खरंच चांगलं वाटलं. असं बघू नकोस माझ्याकडे.”

मी तिच्याकडे बघतच नव्हते. खरं सांगू का? सगळ्यात आधी माझ्या मनात तुमचा मुलगाही आला नाही आणि माझी लेकही नाही. मनात आलं, म्हणजे आता तुम्हाला नवी विहीण येणार.

या वयात असलं काही मनात यावं! शाळेत माझी बाकावरची मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली होती तेव्हा जसं वाटलं होतं, अगदी तसं. सिस्टरांनी तेव्हा मला खिडक्या पुसायला लावलं होतं. मत्सरावर त्यांच्याकडे तेवढा एकच इलाज होता. आज मी दुपारभर पुस्तकांचं कपाट पुसलं. तुमची खाकी कव्हरं मी काढलेली नाहीत. त्यामुळे कुठलं पुस्तक कुठलं ते कळत नाही, दरवेळी उघडून बघावं लागतं.

त्या वाचतात का हो? नव्या विहीणबाई? वाचत असतील तर त्यांना पहिल्याच भेटीत शेवट आधी वाचायचं सांगू नका. घाबरतील.

मुलाला माझे आशीर्वाद सांगा. नाहीतर नका सांगू. तुम्हाला जे बरं दिसेल ते.

कादंबरीतल्या त्या दोघींपैकी एकीची सगळी कामं संपली. दात नीट झाले. आता तिला त्या खोलीत यायला कारण उरलं नाही. तिथेच अडले आहे.


३० एप्रिल

आधीच्या पत्रानंतर मी ठरवलं होतं की आता पुरे. तुमच्या घरी नवी सून आली असेल, आणि जुन्या सुनेच्या आईची पत्रं टेबलावर पडलेली बरी दिसत नाहीत. पण एक गोष्ट झाली आणि ती तुम्हाला न सांगून चालणार नाही.

मागच्या रविवारी लेक इथे होती. तिला पाकीट हवं होतं म्हणून तिने माझा खण उघडला. तिथे तुमचा पत्ता लिहिलेलं एक पाकीट तयार होतं. (मी पाकिटं आधी करून ठेवते, पत्र मागून लिहिते.) ती ते हातात घेऊन बाहेर आली.

“हे काय आहे?”

आमचे हे शब्दकोडं सोडवत होते. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. म्हणजे आता आपण या खोलीत नाही असं समजायचं.

मी म्हटलं, “पत्र लिहिते मी त्यांना.”

“कधीपासून?”

“जानेवारीपासून.”

“आणि त्या?”

“त्या लिहीत नाहीत.”

ती खुर्चीत बसली. बराच वेळ पाकीट उलटंसुलटं करत होती. मग म्हणाली, “मी त्या घरातून पुढच्या दाराने निघाले आणि तू मागच्या दाराने आत जातेस. मला सांगावंसंही नाही वाटलं तुला?”

“तूच म्हणाली होतीस, तिकडचं काही नको.”

“मला नको म्हणाले होते मी! मला! तुला नको असं कधी म्हटलं?”

ह्यांचा चष्मा पुसून पुसून झिजला असेल. आपण कादंबऱ्या लिहितो, पानंच्या पानं माणसांची बोलणी लिहितो, आणि पोटची पोर साधं एक वाक्य बोलते तेही धड समजून घेत नाही.

मग ती हळूच म्हणाली, “लग्न होऊन तिकडे गेल्या गेल्या मला ताप आला होता, आठवतं? तुम्ही दोघं बाहेरगावी होतात. त्या माझ्या उशाशी खुर्ची टाकून बसायच्या. तुझं बाड वाचत. मला काही हवं असलं की टिंब द्यायच्या आणि उठायच्या. एकदा त्यांना पेन्सिल सापडेना तर माझी निळी घेतली, नकाशातल्या पाण्याला रंग द्यायची. नंतर तुला ते बाड परत आलं तेव्हा तू मला म्हणालीस, या प्रकरणात फारच टिंबं आहेत, हे प्रकरण पडलंय.”

“मी ते प्रकरण काढून टाकलं होतं,” मी म्हटलं.

“प्रकरण चांगलं होतं, आई. मला ताप होता.”

आम्ही तिघंही हसलो. हे जरा जास्तच हसले, सुटल्यासारखे. जाताना तिने पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “लिही. पण मला मध्ये घालू नकोस. आणि तुझी ती दातवाली कादंबरी पाठवून दे ना त्यांना सरळ. नुसतं काय कशा आहात, कशा आहात.”

तेव्हा हे सगळं मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. हे पत्र तिला वाचायला दिलं, तेव्हा तिने एक शब्द बदलायला लावला. कुठला ते सांगत नाही.


१८ मे

सोबत बाड पाठवते आहे. सुटी पानं आहेत, नेहमीसारखी. दोरी जरा घट्ट झाली आहे, ती ह्यांनी बांधली. वर एक पेन्सिल ठेवली आहे, टोक काढून.

जूनअखेर छोट्या मालकांना कादंबरी द्यायची आहे. त्यांनी कॅटलॉगमध्ये घालूनही टाकली. दंतवैद्य आता मागच्या खोलीत गेला आणि त्या दोन बायका पुढे आल्या. संपादिकेचं म्हणणं आहे की शेवट बदला. शेवट असा आहे की दात नीट झालेली बाई काही कारण नसताना दुसरीच्या घरी जाते आणि दारावरची घंटा वाजवते. तिथेच संपतं. संपादिका म्हणते, “मॅडम, दार उघडू दे ना. वाचक दाराबाहेर किती वेळ उभा राहणार?” छोटे मालक तर म्हणाले, “उघडू दे, आत चहा होऊ दे, आणि एक मुलगा-मुलगी पण बघा जमतात का.”

मला दार उघडता येत नाही. मी बसून पाहिलं. दार आतून उघडायचं असतं, आणि आत मी नाही.

(शेवट तुम्हाला सांगून टाकला याचं वाईट वाटत नाही. तुम्ही तो तसाही आधीच वाचणार.)

तुम्हाला वेळ नसेल, किंवा मन नसेल, तर पानं तशीच परत पाठवा. एकही टिंब नसलं की मी समजेन. त्यावर काही विचारणार नाही, आणि पुन्हा पत्र लिहून त्रास देणार नाही. हे रागाने लिहीत नाही. कुणाला किती वेळा हाक मारायची याला काही मर्यादा असते, एवढंच. ती मला शाळेत शिकवलेली आहे आणि मी ती जवळजवळ ओलांडली आहे.


२० जून

काल पार्सल आलं.

मी दारातच दोरी सोडायला बसले. हे म्हणाले, “अगं, आत तरी ये.” आत आले. चिठ्ठी कुठे दिसली नाही. पेन्सिल मात्र तशीच आत होती, टोक न वापरलेलं. ते बघून मी पानं खाली ठेवली आणि चहा करायला गेले. हात कशात तरी असलेले बरे.

बाहेरून ह्यांचा आवाज आला, “पोस्टवाल्यांनी गठ्ठा सांडलेला दिसतोय. सगळ्यात वर शेवटचं प्रकरण आहे.”

मी गॅस बंद केला आणि बाहेर आले. खरंच, वर शेवटचं प्रकरण, त्याच्याखाली पहिलं, दुसरं, तिसरं, सगळं नीट ओळीने. पोस्टवाल्यांनी सांडलेला गठ्ठा इतका नीट लागत नाही. मी ह्यांना म्हटलं, “वाचलंय हो. वाचलंय त्यांनी.”

मग मी पानं उलटायला लागले. शेवटचं प्रकरण तसंच बाजूला ठेवलं, ते मला शेवटीच बघायचं होतं. पहिल्या प्रकरणात टिंब नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात दंतवैद्य नळ बदलून घेतो (मी तो परिच्छेद मुद्दाम ठेवला होता), तिथेसुद्धा समास स्वच्छ. आणि मला धडकी भरली. न वाचता परत आलं असतं तर एक दुःख होतं. पण हे असं, वाचलं आणि कुठेही उठल्या नाहीत? म्हणजे मला पाहुण्यांसारखं वाचलं. पाहुण्यांसमोर बसतात तसं, पाय जुळवून, चेहरा हसरा ठेवून, दूध उतू गेलं तरी न उठता. इतकं परकं तुम्ही मला वकिलांकडच्या त्या बाकावरही केलं नव्हतं.

हे माझ्याकडे बघत होते. मी पानं उलटत राहिले.

आणि मग सातवं प्रकरण. तिथे मी त्या खोलीतल्या भिंतीवरच्या चित्राचं वर्णन केलं आहे, पाच पानं. पहिल्या पानावर एक टिंब. दुसऱ्यावर एक. तिसऱ्या पानावर तीन!

एका पानात तीनदा उठलात! मी इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्यांनी दार उघडलं. हे म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “कंटाळल्या! भयंकर कंटाळल्या आहेत!” आजवर कुठल्या परीक्षणाने मला इतका आनंद झालेला नाही. ती पाचही पानं आज सकाळी काढून टाकली. चित्राला आता एक ओळ आहे. नळ राहिला. त्याचं तुम्हाला कौतुक का वाटलं ते काही कळत नाही, पण राहिला.

टिंबं निळी आहेत. संध्याकाळी लेक आली तेव्हा तिने ते पान उजेडात धरलं, बोट फिरवून पाहिलं. म्हणाली, “ही माझी पेन्सिल आहे.” मग बाकीची पानंही मागून घेतली आणि खुर्चीत पाय वर घेऊन वाचत बसली. जेवायला हाक मारली तर हात नुसता वर केला. मी आणि ह्यांनी जेवून घेतलं.

शेवटचं प्रकरण मी अगदी शेवटी पाहिलं. त्यात एकच टिंब आहे, ते अगदी शेवटच्या ओळीशी, जिथे ती घंटा वाजवते. इतकं दाबून दिलं आहे की मागच्या बाजूने हाताला लागतं.

आपला जुना रिवाज होता. मी टिंबं घेऊन तुमच्याकडे यायची, एकेकावर बोट ठेवून विचारायची, “इथे कशाला उठलात?” आणि तुम्ही सांगायचात. दूध. कुकर. फोन. कंटाळा. तर तेच विचारते. सातव्या प्रकरणाचं मला कळलं. शेवटच्या टिंबावर कशाला उठलात? तिथे तर पुस्तकच संपतं.

दूध म्हणू नका.


२७ जून

विहीणबाई,

हाच मायना. तुम्हाला दुसरा सुचला नाही, मलाही सुचत नाही. त्या घटस्फोटाच्या कागदांवर मुलांच्या सह्या आहेत. माझी नाही.

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. आयुष्यभर ‘जेवणानंतर, दिवसातून दोनदा’ एवढंच लिहिलंय. तरी विचारलंत म्हणून उत्तर देते.

सातवं प्रकरण. पहिलं टिंब दूध. दुसरं, कुकर किती शिट्ट्यांवर बंद करू विचारायला सूनबाईचा फोन आला. तिसऱ्या पानावरची तिन्ही, कंटाळा. एवढं कसलं हो ते चित्र! दात दुखत असताना कोण बघतं भिंतीकडे?

नळाचं प्रकरण चांगलं आहे. आमच्याकडचा नळ महिनाभर गळत होता. तुमचं वाचून माणूस बोलावला.

नवी विहीण वाचत नाही. टीव्ही बघते आणि टीव्हीतल्या बायकांना मोठ्याने सल्ले देते. स्वभावाने बरी आहे. तुम्ही उगाच कपाट पुसलंत.

आता ते पुस्तक. दीपगृहाचं. ते राहून गेलं नव्हतं. बाकीची सगळी पुस्तकं पिशवीत भरली आणि ते मुद्दाम ठेवून घेतलं. म्हटलं, माझ्या मुलाकडून तुमच्या मुलीला त्रास झाला, आता आपण कुठल्या तोंडाने जायचं. पण तुम्ही पुस्तक मागायला याल. पुस्तकांच्या बाबतीत तुम्ही कुणाला सोडत नाही. दोन वर्षं वाट पाहिली. आणि मग तुमचं पत्र आलं, त्यात काय, तर ‘राहू द्या तुमच्याकडे, मी मागणार नाही.’ मग मी उत्तर काय लिहू? कॉन्व्हेंटवाल्यांची ही सभ्यता एखाद्याचा जीव घेईल.

पुढची सगळी पत्रं मी ठेवली आहेत. प्रत्येक वेळी कागद घेऊन बसले. पण आपल्याला लिहिता येत नाही, आणि ज्यांना लिहायचं त्या लेखिका. शेवटी बाड आलं तेव्हा सुटले. टिंब देता येतं.

तुमच्या लेकीची निळी पेन्सिल तिने मागितली तरच देईन. न्यायला स्वतः यायला सांगा. मुलगा आणि सूनबाई वेगळे राहतात, दुपारी घरात मी एकटी असते.

शेवटचं टिंब. मी तो शेवट आधी वाचला, नेहमीप्रमाणे. ‘तिने घंटा वाजवली.’ वाचलं आणि उठून दारापाशी गेले. दार उघडून बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं. परत आले आणि टिंब दिलं. पहिल्यांदाच आधी उठले आणि मागून टिंब दिलं.

तेव्हा शेवट बदलू नका, त्या संपादिकेलाही सांगा. पण घंटा नुसती पुस्तकात वाजवून भागायचं नाही. गुरुवारी दुपारी या. पुस्तक मागायला आलेय असं म्हणा, म्हणजे दोघींनाही सोपं जाईल.

दूध मी आधीच तापवून गॅस बंद करून ठेवीन. मध्ये उठायला नको.